पणजीचा पुरावा : बेने इस्राएल विवाहांचा वाद, १९६१ ते १९६४

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी काही निर्देश काढले. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातील वर किंवा वधू समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लग्न करू इच्छित असेल, तर नोंदणीआधी रब्बींनी चौकशी करावी, असे त्यांत सांगितले होते. अर्जदाराची आई, तिची आई आणि त्यामागे जितक्या पिढ्यांचा माग लागेल तितक्या पिढ्यांमधील स्त्रिया ज्यू होत्या का, हा चौकशीचा पहिला आणि मुख्य भाग होता. अर्जदाराच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी किंवा त्यांच्या पूर्वजांनी आधीच्या घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले होते का, आणि धर्मशास्त्राने वर्ज्य मानलेल्या नात्यात कोणाचे लग्न झाले होते का, हा दुसरा भाग. शंका उरली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवायचे होते.

हा वाद आजवर बहुधा वर्ण, वंश आणि स्थलांतर यांच्या अंगाने सांगितला गेला आहे. भारतातून गेलेल्या समाजाला इस्राएलमध्ये दुय्यम वागणूक मिळाली आणि त्याने संघर्ष करून ती मोडून काढली, ही हकिकत खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण निर्देशांचा मजकूर पुन्हा वाचला, तर त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न एखाद्या स्त्रीच्या आयुष्यापाशी येऊन थांबतो, असे दिसते. कोण कोणाच्या पोटी जन्मली, कोणाला नवऱ्याने सोडले, सोडताना रीतसर कागद दिला की नाही, त्यानंतर ती कोणाच्या घरी नांदली, हे ते प्रश्न आहेत. संशय एका समाजावर घेतला गेला, पण तपासायची होती ती त्या समाजातील बायकांची वैवाहिक कहाणी, आणि त्यांपैकी बहुतेक बायका कोकणातल्या मातीत केव्हाच मिसळून गेल्या होत्या. ज्यू धर्मातील स्त्री आणि लिंगभाव यांचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण मूळ नमुना म्हणून वाचावे, असे मला वाटते ते याच कारणाने.

बेने इस्राएलांची ओळख मराठी वाचकाला सविस्तर करून देण्याची गरज नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून पुढचा वंश वाढला, ही त्यांची मूळकथा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली म्हणवले गेले, गावांवरून रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी आडनावे लावू लागले आणि १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभे राहिले. १९४८ नंतर यांतील हजारो कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे मात्र त्यांची गाठ अशा कायद्याशी पडली, ज्याला त्यांच्या कोकणातल्या जगण्यात प्रतिरूपच नव्हते. १९५३ च्या कायद्याने इस्राएलमधील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बी-न्यायालयांच्या अखत्यारीत दिले. नागरी विवाहाची सोय देशात ठेवलीच नाही. त्यामुळे एखाद्या रब्बीचा नकार म्हणजे लग्नालाच नकार होता, आणि ज्या न्यायालयापुढे जायचे तिथे न्यायाधीशाच्या आसनावर स्त्री बसू शकत नव्हती.

ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बी-मंडळाने बेने इस्राएल हे ज्यूच आहेत आणि त्यांच्याशी विवाह करण्यास मज्जाव नाही, असा निर्णय दिला होता. त्या वेळी मुख्य रब्बी एकच होते, बगदादमध्ये जन्मलेले यित्झाक निसीम. त्यांचे अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू परंपरेतील, सहकारी १९५९ मध्ये निवर्तले होते आणि ते पद १९६४ पर्यंत रिकामे राहिले. निर्णयाला कर्मठ रब्बींकडून कडाडून विरोध झाला आणि चार महिन्यांतच वर सांगितलेले निर्देश निघाले. तत्त्व मान्य करायचे आणि अंमलबजावणीत एकेका माणसाला उंबरठ्यावर अडवून धरायचे, असा हा मधला मार्ग निघाला.

आता त्या दोन प्रश्नांमागचे धर्मशास्त्र पाहू, कारण ते नीट समजल्याशिवाय या प्रकरणातली खरी गुंतागुंत लक्षात येत नाही. मिश्ना या रब्बींच्या प्राचीन नियमसंग्रहातील किद्दुशीन या प्रकरणात वंशाचे नियम दिले आहेत. आईवडील दोघेही ज्यू असतील आणि विवाह वैध असेल, तर मूल बापाच्या कुळाचे. बाप कोहेन (पुरोहित कुळातला) असेल तर मुलगाही कोहेन. पण आई ज्यू नसेल तर मूल आईप्रमाणे. म्हणजे कुळ बापाकडून आणि समाजाचे सदस्यत्व आईकडून, अशी ही विभागणी आहे. मातृवंशाच्या या नियमाकडे बोट दाखवून ज्यू धर्मात स्त्रीला उच्च स्थान असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. सदस्यत्व जिच्यावरून ठरते, तिच्याच चारित्र्याची आणि पूर्वजांची तपासणीही होते, आणि बेने इस्राएलांच्या बाबतीत नेमके तेच झाले.

दुसरा प्रश्न अधिक जाचक आहे. तोरा या मूळ धर्मग्रंथानुसार घटस्फोट पुरुष देतो आणि स्त्री घेते. पुरुषाने स्वेच्छेने लिहवून दिलेला ‘गेट’ नावाचा कागद तिच्या हाती पडल्याशिवाय ती मोकळी होत नाही. असा कागद नसताना तिने दुसऱ्याशी संसार केला आणि त्याच्यापासून तिला मूल झाले, तर ते मूल ‘मामझेर’ ठरते. तोरातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील आज्ञेप्रमाणे त्याला आणि त्याच्या वंशजांना दहाव्या पिढीपर्यंत समाजात विवाह वर्ज्य, आणि ही दहावी पिढी परंपरेने कायमची अशीच समजली आहे. यातली विषमता उघड आहे. विवाहित पुरुषाला दुसऱ्या अविवाहित स्त्रीपासून मूल झाले, तर ते मामझेर होत नाही. विवाहित स्त्रीला परपुरुषापासून झाले, तर होते. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या नवऱ्याने कागद दिला नाही, तर डाग त्याच्या वंशाला लागत नाही. तो तिच्या पुढच्या लेकरांना लागतो.

या दोन शंका शेजारीशेजारी ठेवल्या की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. पहिली शंका म्हणते की ही माणसे कदाचित ज्यू नसतील. दुसरी शंका मुळात ती ज्यू आहेत हे धरूनच उभी राहते, कारण ज्यू नसलेल्यांच्या लग्नाला गेट लागत नाही आणि त्यांच्यात मामझेरही नसतो. पहिल्या शंकेवर धर्मांतर-विधी करून घेणे हा उपाय आहे. दुसरीवर तो चालत नाही. म्हणजे ज्यूपण जितके पक्के ठरेल, तितकी दुसरी शंका धारदार होते. रब्बींची परंपरा न मानणाऱ्या काराइत ज्यूंच्या बाबतीत रब्बींनी शतकानुशतके हाच युक्तिवाद वापरला होता: त्यांची लग्ने आपल्या दृष्टीने लागतात, पण त्यांचे घटस्फोट मात्र लागू पडत नाहीत. बेने इस्राएलांना तालमूद हा मिश्नेवरील चर्चेचा ग्रंथ ठाऊक नव्हता, गेट लिहिण्याचे बारकावे त्यांना माहीत असणे शक्य नव्हते, मग पूर्वी काय काय झाले असेल, अशी ती विचारसरणी होती.

इथे कोकणातली रीत मध्ये येते, आणि या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग मला तोच वाटतो. समाजाच्या बाजूने मांडला गेलेला एक महत्त्वाचा मुद्दा असा होता की बेने इस्राएलांत घटस्फोट जवळजवळ नव्हताच. आजूबाजूच्या उच्चवर्णीय हिंदूंप्रमाणे विधवांचा पुनर्विवाहही या समाजात रूढ नव्हता. दिराने निपुत्रिक भावजयीशी विवाह करण्याची किंवा ‘हलित्सा’ या विधीने तिला मुक्त करण्याची शास्त्रोक्त प्रथाही तिथे पाळली जात नव्हती, कारण तिने दुसरे लग्न करण्याचा प्रसंगच येत नसे. (हलित्साशिवाय झालेल्या विवाहातील संतती स्वीकृत मतानुसार मामझेर नसते, त्यामुळे तो मुद्दा तसाही कमी वजनाचा होता.) घटस्फोट नाही, पुनर्विवाह नाही, म्हणून मामझेर असण्याची शक्यताही नाही: युक्तिवाद बिनतोड आहे.

पण त्याची किंमत कोणी मोजली ते पाहावे लागते. नवऱ्याच्या जाचातून सुटण्याचा मार्ग नसलेली बायको आणि विशीत वैधव्य आलेली, उरलेला जन्म दिराजावेच्या घरात काढणारी सून या दोघींच्या कोंडीवर समाजाच्या शुद्धतेचा दाखला उभा राहिला. ज्या चालीविरुद्ध महाराष्ट्रात जोतीराव फुले, विष्णुशास्त्री पंडित, धोंडो केशव कर्वे आयुष्यभर झगडले, तीच चाल जेरुसलेममध्ये एका समाजाच्या बचावाचे साधन झाली. बचाव करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जी चौकट ठेवली गेली, तिच्यात बोलण्याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हते. दोष त्या चौकटीचा आहे, जिच्यात स्त्रीचे बंधन जितके घट्ट, तितका तिचा वंश निर्दोष ठरतो.

पुराव्याचा प्रश्न याहून व्यावहारिक, पण तितकाच बोलका आहे. नोंदणीच्या टेबलापाशी काय घडू शकते, याची कल्पना करू. समजा, अर्जदार तरुण मुंबईहून आलेला आहे आणि आडनाव लावतो अष्टमकर. मराठी पद्धतीने त्याच्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव आहे. आडनावावरून कळते ते वडिलांच्या घराण्याचे गाव. आईचे माहेर कुठले, हे घरच्यांना ठाऊक असते, पण कागदावर नसते. आता आईवडिलांचा कतुबा काढावा, तर त्या विवाहलेखात वधूचा उल्लेख अमुक बापाची कन्या असाच असतो. तिच्या आईचे नाव लिहिण्याची रूढी नाही. आजीचा कतुबा मिळालाच तर त्यातही तेच. म्हणजे ज्या धर्मशास्त्राने सदस्यत्व आईवरून ठरवले, त्याच धर्मशास्त्राच्या स्वतःच्या दस्तऐवजात आईची साखळी नोंदलेली नाही. जे लिहून ठेवले नाही तेच दाखवा, असा हा आग्रह होता, आणि तो पुरा करणे एखाद्या अश्केनाझी किंवा इराकी कुटुंबालाही अवघड गेले असते. त्यांना ते कोणी विचारले नव्हते, इतकाच फरक. अशा वेळी उरतो तो तोंडी पुरावा, म्हणजे नातीगोती पाठ असलेल्या म्हाताऱ्या बायकांची स्मृती. पण स्त्रीची साक्ष रब्बी-परंपरेत बहुतेक बाबींत ग्राह्य धरली जात नाही, आणि जिथे धरली जाते तिथेही ती अपवाद म्हणून.

या मोजमापापासून बेने इस्राएल समाज स्वतःही मुक्त नव्हता, हे इथे नमूद केले पाहिजे. समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग पडले होते. समाजातील पुरुषांना समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतती आणि तिचे वंशज काळे गणले जात. गोरे त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत. कोकणातल्या जातिव्यवस्थेची छाप त्यावर स्पष्ट आहे, पण त्याचा कणा पुन्हा आईचाच आहे. हा भेद निर्देशांच्या वादात दोन्ही बाजूंनी कापणारा होता. समाजाने मातृवंशावर स्वतःच डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला, असे त्यावरून म्हणता येते. आणि बाहेरच्या बायका घरात आल्या होत्या याची कबुलीही त्यातच आहे. काळ्या इस्राएल ठरलेल्या घरातील मुलीला सिनेगॉगमध्ये आणि सोयरिकीत जे सोसावे लागले, त्याची दाद कोणत्याही संसदेत मागितली गेली नाही.

धर्मशास्त्रात दुसरी वाट नव्हती असे मात्र मुळीच नाही. तालमूदमध्येच असे मत आहे की सर्व कुटुंबे निर्दोष समजावीत, आणि जे कुटुंब समाजात मिसळून गेले ते मिसळले; त्याचे मूळ खणत बसू नये. मिश्नेत एदुयोत या प्रकरणाच्या अखेरीस एलियाहू संदेष्ट्याविषयी चर्चा आहे: तो येईल तेव्हा कोणाला शुद्ध-अशुद्ध ठरवायला येणार नाही, बळजबरीने दूर केलेल्यांना तो जवळ आणील, आणि ऋषींच्या मते जगात शांती करील. बेने इस्राएलांचे सर्वांत जिव्हाळ्याचे दैवत म्हणावे इतका हा एलियाहू हनाबी त्यांच्या घरात वावरतो. नवस फेडताना मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे मांडून त्याचे नाव घेतले जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाचा टापा, म्हणजे खडकावरची खूण, दाखवला जातो. मलिद्याची ही तयारी घराघरांतून बायकांनी सांभाळली. निर्देश काढणाऱ्यांपुढे उदार मत आणि कठोर मत दोन्ही उपलब्ध होती. कठोर मताची निवड त्यांनी केली, आणि ही निवड होती असे म्हणणे महत्त्वाचे आहे, कारण ‘शास्त्रच तसे आहे’ या वाक्याआड जबाबदारी लपते.

या सगळ्यात बेने इस्राएल स्त्रियांचा आवाज फारसा ऐकू येत नाही, हे अधिक खटकते ते त्यांचा इतिहास ठाऊक असल्यामुळे. १९१९ साली लंडनहून स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. लंडनच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा परिचय झाला आणि १९२५ मध्ये मुंबईत जुइश रिलिजस युनियन या त्याच विचाराच्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मुंबईच्या इस्राएली शाळेचे मुख्याध्यापकपद रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून दीर्घकाळ सांभाळले. म्हणजे धार्मिक संस्था उभारणाऱ्या आणि पिढ्या घडवणाऱ्या स्त्रिया या समाजात निर्देशांच्या कितीतरी आधी होत्या. तरीही १९६२ ते १९६४ च्या वादात मतप्रदर्शन, वाटाघाटी आणि फतवे यांत जी नावे पुढे येतात, ती रब्बी, मंत्री आणि समाजाचे पुरुष पुढारी यांची. अभ्यासकांनी वापरलेली साधनेही बहुतांशी त्यांचीच. ज्यू स्त्री-अभ्यासाने १९७० नंतर विद्यापीठांत मूळ धरले, तेव्हा त्याचा सुरुवातीचा भर युरोप-अमेरिकेतील स्त्रिया आणि तालमूदची पाने यांच्यावर होता. मराठी बोलणारी, मंगळसूत्र घालणारी ज्यू स्त्री त्या चौकटीत उशिरा आली.

संघर्षाचा शेवट राजकारणाने केला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएल कुटुंबांनी धरणे धरले, भारतातूनही निषेध उमटला, आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला हात घालणे भाग पडले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने, कोणत्याही अटीविना ज्यू आहेत आणि वैयक्तिक दर्जाच्या बाबींसह सर्व हक्कांत ते इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. ३१ ऑगस्टला रब्बी-मंडळाने निर्देशांतून बेने इस्राएल हे नाव काढून टाकले आणि त्या जागी ज्यांच्या कुटुंबाच्या शुद्धतेविषयी शंका आहे असा कोणीही, अशा अर्थाचे शब्द घातले. समाजाचा हा विजय होता आणि तो त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवला. तरीही १९९७ मध्ये इस्राएलमधील पेताह तिकवा शहराच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांचे विवाह नोंदवायला पुन्हा नकार दिला होता.

अलीकडे या जुन्या प्रश्नाला आनुवंशिकीचे नवे कपडे चढले आहेत. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासांत बेने इस्राएलांच्या मातृवंशाचा मोठा भाग स्थानिक भारतीय उगमाचा दिसतो, तर पितृवंशात मध्यपूर्वेशी नाते सापडते. यावरून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर धर्मशास्त्र रेणू मोजत नाही. धर्म स्वीकारून घरात आलेली स्त्री बायबलमधल्या रूथसारखीच पूर्ण ज्यू असते, आणि रूथ तर दावीद राजाची पणजी मानली जाते. दुसरे, जगभरच्या अनेक ज्यू समाजांत आरंभीच्या मातांमध्ये स्थानिक स्त्रिया असल्याचे संकेत मिळतात; तेव्हा हा प्रश्न केवळ कोकणाला विचारण्याचा नाही.

१९६४ च्या दुरुस्तीने एक समाज मोकळा झाला, पण नोंदणीच्या टेबलावरचा प्रश्न तसाच राहिला. पुढे इथिओपियाहून आलेल्या ज्यूंना प्रतीकात्मक धर्मांतर-विधीची अट घातली गेली. १९९० नंतर सोव्हिएत संघातून लाखो लोक आले, तेव्हा त्यांच्यातील लग्नेच्छूंना आईचा आणि आजीचा जन्मदाखला, जुने ओळखपत्र, घरातले फोटो, आजीला यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा येत होती का याची माहिती घेऊन धर्मन्यायालयापुढे उभे राहावे लागले, आणि आजही राहावे लागते.